रात्रीचं दुखणं दिवसा धरायचं: चिंता आणि नैराश्यात बिघडलेली झोप सावरण्याचा क्रम

चिंता किंवा नैराश्य असलेल्या माणसाची झोप बिघडली की घरोघरी ऐकू येणारं वाक्य एकच: आधी टेन्शन जाऊ दे, झोप मग आपोआप येईल. इथूनच गणित चुकतं. टेन्शन जायची वाट बघत महिने जातात आणि तोवर बिघडलेली झोप स्वतंत्र आजार होऊन बसते. मग मूळ कारण मिटलं, कर्ज फिटलं, परीक्षा झाली, तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या लोकांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलं गेलं. कारण मेंदूत दिसतं. २००७ च्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या निरोगी तरुणांना अप्रिय चित्रं दाखवली, तेव्हा भीती-धोका ओळखणारा अमिग्डाला हा भाग झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी असलेला त्याचा दुवाही सैल पडला होता. व्यवहारात याचा अर्थ असा की झोप न झालेल्या दिवशी सासूबाईंचं किंवा साहेबांचं नेहमीचंच बोलणं जास्त लागतं. ते आपण दिवसभर गिळतो आणि रात्री दिवा मालवला की तेच वर येतं. पुन्हा झोप नाही.

हे चक्र तोडता येतं, पण क्रमाने. बहुतेक जण रात्री दोन वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या मनाशी भांडून ते तोडू पाहतात. मेंदूची आवर घालण्याची ताकद सगळ्यात कमी असते ती याच वेळी. म्हणून भावनांचं काम दिवसा करायचं आणि रात्री फक्त वेळेचे नियम पाळायचे. खालचे टप्पे निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचे आहेत. डॉक्टर प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी याच उपचाराची शिफारस करतात. भावना हाताळण्याची कौशल्यं त्यात जिथे बसतात, तिथे बसवली आहेत.

टप्पा १: आधी चाळणी

आठवड्यातून किमान ३ रात्री झोप लागत नाही, मध्ये मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, दिवसा त्याचा त्रास होतो आणि हे ३ महिने चाललं आहे, तर तो जुनाट निद्रानाश. साधारणपणे चिंतेत झोप *लागायला* वेळ लागतो, तर नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येऊन सकाळ सगळ्यात जड जाते. दोन्ही असतील तर दोन्ही त्रास होतात.

पुढच्या माणसांनी टप्पा ५ (अंथरुणातले तास कमी करणं) स्वतःच्या मनाने करू नये. बाकीचे टप्पे चालतील.

- पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नव्हता, उत्साह ओसंडत होता, बोलणं आणि खर्च आवरत नव्हता? ही बायपोलर विकाराची खूण असू शकते. झोप कमी केल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञ.
- अपस्मार म्हणजे फिट्स येणं, झोपेत चालणं.
- मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंग येणं. ही श्वास अडकण्याची निद्राव्याधी असू शकते, तिची तपासणी वेगळी असते.
- ट्रक, बस, क्रेन चालवणारे, उंचावर किंवा मशीनवर काम करणारे.
- गरोदर बायका आणि तान्ह्या बाळाच्या आया. बाळ झोपलेलं असताना, घरात दुसरं कुणी बघायला असतानाही आईला झोप येत नसेल, तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा किंवा चिंतेचा विचार करून लगेच डॉक्टरांना दाखवावं.

रात्री पाय आत वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सांगून शरीरातलं लोह (फेरिटिन) तपासून घ्यावं. धडधड, वजनात फरक, हात थरथरणं असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. हे राहिलं तर महिनाभर नियम पाळूनही हाती काही लागत नाही.

आता दोन प्रश्नावल्या भरा: नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्ही मराठीतही मिळतात आणि मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. पहिलीचे गुण ० ते २७, दुसरीचे ० ते २१. दोन्हींपैकी एकीत जरी १० किंवा जास्त गुण आले, तर हा लेख वाचत असतानाच डॉक्टरांची वेळही घ्या. निदान डॉक्टर करतील, आपण हे आकडे तुलनेसाठी ठेवायचे आहेत.

सावधान: पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ० नसेल तर हे टप्पे बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. विचार पक्का होत असेल, साधन हाताशी असेल, तर एकटं राहू नका. ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

टप्पा २: सात दिवसांची वही

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. "मला माहितीये, मी दोनच तास झोपतो" असं वाटत असतं. निद्रानाशात आपला अंदाज बहुधा प्रत्यक्ष झोपेपेक्षा कमी असतो आणि अंथरुणात घालवलेला वेळ तर कुणी मोजतच नाही.

साधी वही घ्या. रोज सकाळी, उठल्यावर तासाभरात, अंदाजानेच लिहा:

१. अंथरुणात किती वाजता गेलो
२. झोपायचं ठरवून डोळे कधी मिटले
३. झोप लागायला अंदाजे किती मिनिटं लागली
४. मध्ये जागेपण एकूण किती मिनिटं
५. शेवटची जाग कधी
६. अंथरूण कधी सोडलं
७. आदल्या दिवशीची डुलकी, चहा-कॉफी, दारू, गोळी आणि त्यांच्या वेळा
८. संध्याकाळी सातच्या सुमाराची मुख्य भावना, एक शब्द आणि ० ते १० मध्ये तिची तीव्रता

आठवा रकाना विसरू नका. आठवड्याने वही बघितली की बहुतेकांना दिसतं: संध्याकाळचा आकडा ७-८ असलेल्या रात्री वेगळ्या आहेत. आणि उलटंही दिसतं, वाईट रात्रीनंतरच्या संध्याकाळी तोच प्रसंग जास्त लागलेला असतो.

हिशेब असा. समजा एक माणूस १० वाजता आडवा झाला, पावणेबाराला झोप लागली, ३ ते ४ जागा होता, पावणेसहाला शेवटची जाग आली आणि साडेसहाला उठला. अंथरुणात गेले ५१० मिनिटं. पावणेबारा ते पावणेसहा ३६० मिनिटं, त्यातून जागेपणाचं ६० वजा, झोप ३०० मिनिटं. ३०० भागिले ५१० गुणिले १००, म्हणजे ५९. हा त्याचा झोपेचा टक्का. ८५ च्या वर असेल तर तो ठीक समजतात. म्हणजे हा माणूस रोज साडेतीन तास अंथरुणात जागा पडून चिंता करण्याचा सराव करतो आहे. मेंदू हे शिकतो: गादी म्हणजे जागं राहण्याची जागा.

तपासा: रात्री घड्याळ बघून वही भरताय का? घड्याळ बघणं हीच एक जाग आहे. घड्याळ भिंतीकडे फिरवा, मोबाइल हाताच्या अंतरावर नको. मिनिटं चुकली तरी चालतील. मनगटावरच्या घड्याळाचे झोपेचे आकडेही या महिन्यात बघू नका. "गाढ झोप फक्त ४० मिनिटं" हे वाचून सकाळीच चिंता सुरू होते आणि गाढ झोप मोजण्यात ही उपकरणं पुरेशी भरवशाची नाहीत.

टप्पा ३: उठण्याची एकच वेळ

झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून सुरुवात तिथून. सातही दिवस, रविवारी आणि सुट्टीलाही, एकच वेळ. कामाला लागणारी सगळ्यात लवकरची वेळ निवडा. पहिली लोकल पकडायची असेल तर चार दिवस पाचला आणि तीन दिवस आठला, असं करू नका, कारण शरीराच्या घड्याळाला दर सोमवारी परदेशातून परत आल्यासारखं होतं.

उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं बाहेरच्या उजेडात. गॅलरी, गच्ची, रस्ता, काहीही चालेल. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो आणि शरीराच्या घड्याळाला वेळ लावून देतो. नैराश्यात हाच भाग सगळ्यात अवघड जातो, कारण उठवतच नाही. तेव्हा "फिरायला जायचं" असं ठरवू नका. "चप्पल घालून जिन्याखाली उभं राहायचं" इतकंच ठरवा. चहाचा कप घेऊन गेलात तरी चालेल.

हिंजवडी, ऐरोली किंवा बंगळुरूत बसून अमेरिकेच्या वेळेने काम करणाऱ्यांनी आपली शिफ्ट स्थिर असेल तर तिच्याप्रमाणे उठण्याची वेळ ठरवावी. दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर टप्पा ५ सोडून द्या. फिरत्या शिफ्टमध्ये तो पाळता येत नाही आणि फक्त थकवा वाढतो.

टप्पा ४: भावनांचं काम, रात्र व्हायच्या आत

झोपेवर लिहिताना बहुतेक ठिकाणी हा टप्पा दोन ओळींत उरकलेला असतो: "तणाव टाळा". तणाव टाळता येत असता तर हा लेख लागलाच नसता. भावना हाताळण्याच्या पद्धतींपैकी दोन झोपेला हमखास मारतात, दाबणं आणि उगाळणं. दाबल्यावर चेहरा शांत दिसतो, आतली धडधड तशीच राहते. उगाळताना विचार केल्यासारखं वाटतं, पण निर्णय एकही होत नाही. त्यांच्या जागी काय करायचं ते असं.

*४.१ काळजीची वेळ, २० मिनिटं.* रोज एकाच वेळी, झोपण्याच्या किमान दोन-तीन तास आधी. साडेसहा ते सात बऱ्याच घरांत जमतं. टेबल किंवा ओटा चालेल, पलंग नाही. पानाचे दोन भाग करा. डावीकडे काळजी, *नेमक्या* शब्दांत. उजवीकडे पुढचं एक पाऊल आणि ते कधी. उदाहरणार्थ:

डावीकडे: "फी १५ तारखेपर्यंत भरायची आहे, आठ हजार कमी पडतात." उजवीकडे: "उद्या ११ वाजता शाळेच्या ऑफिसात हप्त्यांबद्दल विचारायचं."

डावीकडे: "बाबांचा रिपोर्ट वाईट आला तर?" उजवीकडे: "रिपोर्ट गुरुवारी. आज पाऊल नाही."

"आज पाऊल नाही" हेही पूर्ण उत्तर आहे. ते लिहिल्यावर ती भीती तशीच, उत्तराविना, दोन मिनिटं अंगावर असू द्या. तिला लगेच समजावायला जाऊ नका. वेळ संपली की वही बंद. नंतर काळजी आली तर चिठ्ठीवर एक शब्द, "फी", आणि मनात, "उद्या साडेसहाला".

नेहमीची चूक: पहिल्या दिवशी २० मिनिटांत काही सुचत नाही म्हणून वेळच सोडून देणं. रिकामं बसावं लागलं तरी बसा. रात्री काळजीला "तुझी वेळ ठरलेली आहे" असं सांगता यायला हवं असेल, तर ती वेळ खरोखर रोज असावी लागते.

*४.२ विचार की उगाळणं?* दोन मिनिटांची परीक्षा आहे. एखाद्या गोष्टीवर दोन मिनिटं विचार केल्यावर थांबा आणि विचारा: काही ठरलं का? काही नवं कळलं का? मन थोडं हलकं झालं का? तिन्हींचं उत्तर नाही, तर ते उगाळणं. खूण म्हणजे "का" ने सुरू होणारे प्रश्न: माझ्याच वाट्याला का, मी असा का. त्याला "काय" आणि "कसं" मध्ये आणा: काल नेमकं काय झालं, पुढच्या वेळी माझं पहिलं वाक्य काय असेल. तेही जमत नसेल तर उठा आणि हाताला काम द्या. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, भांडी. डोळे आणि हात गुंतवणारं काम हवं. मोबाइल चाळणं यात धरू नका, तिथे उगाळणं समांतर चालूच राहतं.

*४.३ अर्थ पुन्हा तपासणं.* समजा संध्याकाळी सहाला साहेबांचा मेसेज आला: "उद्या सकाळी भेटा." पोटात गोळा. कागदावर, या क्रमाने:

१. घडलं काय, फक्त तेवढं: तीन शब्दांचा मेसेज आला.
२. मी लावलेला अर्थ: नोकरी जाणार.
३. भावना आणि आकडा: भीती, ८.
४. आणखी किमान दोन शक्य अर्थ: नव्या कामाची वाटणी, मागच्या आठवड्याच्या अहवालात काही विचारायचं असेल.
५. आज रात्री यातलं काय तपासता येईल: काहीच नाही.
६. आता आकडा: ५.

आठावरून पाच आला, बस. शून्य करायचा नाही. "सगळं छान होईल" असं लिहू नका. ज्या वाक्यावर स्वतःचा विश्वास नाही ते रात्री एक वाजता टिकत नाही.

सावधान: हे तंत्र अन्याय सोसण्यासाठी वापरू नका. घरात मारहाण, दारू पिऊन छळ, कामावर त्रास असेल तर अर्थ बदलायचा नसतो, परिस्थिती बदलायची असते. अशा घरात सावध झोप लागणं ही मेंदूची चूक नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

*४.४ गिळण्याऐवजी दोन वाक्यं.* लागलेलं बोलणं त्याच दिवशी, आवाज न चढवता: "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेव्हा मला अपमान वाटला. पुढच्या वेळी बाजूला घेऊन सांगा." ज्यांच्याशी बोलणं शक्य नाही त्यांच्यासाठीचं हेच वाक्य वहीत लिहा किंवा विश्वासाच्या माणसाला सांगा. दहा मिनिटं पुरे. तासभर तेच सांगत बसलं की ते दोघांनी मिळून उगाळणं होतं.

*४.५ नैराश्य जास्त असेल तर.* चिंतेत मन जास्त पळतं, नैराश्यात दिवस रिकामा होतो. दिवसभर पडून राहिलेल्या शरीरात रात्रीसाठी झोपेची भूकच तयार होत नाही. उमेद आली की करू, असं म्हटलं तर ती येत नाही; कृती आधी येते. दुपारी एकच्या आत तीन गोष्टी ठरवा: एक अंग हलवणारी, एक माणसाशी जोडणारी, एक पूर्ण झाल्याचं समाधान देणारी. प्रत्येक पाच-दहा मिनिटांचीच. अंघोळ, बहिणीला फोन, एक कप्पा आवरणं. करण्याआधी आणि नंतर मनःस्थितीला ० ते १० गुण द्या. बहुधा फरक एकाच गुणाचा असतो आणि तो पुरेसा असतो.

तपासा: टप्पा ३ आणि ४ किमान एक आठवडा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळं सोमवारपासून एकदम सुरू करणारे गुरुवारी सोडून देतात.

टप्पा ५: अंथरुणातले तास कमी करणं

सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात नकोसा टप्पा. वहीतून आठवड्याची सरासरी झोप काढा. तितकेच तास अंथरुणात घालवायचे. चिंता किंवा नैराश्य असेल तर साडेपाच तासांच्या खाली अजिबात जाऊ नका, सरासरी चारची निघाली तरी.

सरासरी ५ तास २० मिनिटं, उठायची वेळ ६, तर अंथरुणात जायची वेळ साडेबारा. हो, साडेबारा. लोक हमखास उलट करतात. "काल झोप नाही झाली, आज नऊलाच आडवा होतो." जागेपणी मेंदूत झोपेचा दाब हळूहळू साचत जातो. लवकर आडवं झालं की तो पुरेसा साचलेला नसतो, मग तीन तास तळमळ होते आणि त्या तीन तासांत चिंता.

आठवडा झाला की टक्का काढा:

- ८५ किंवा जास्त: झोपण्याची वेळ १५ मिनिटं अलीकडे.
- ८० ते ८५: तशीच ठेवा.
- ८० पेक्षा कमी: १५ मिनिटं पलीकडे, पण साडेपाच तासांची मर्यादा मोडायची नाही.

साडेपाच तासांत ३३० मिनिटं. त्यात २९० मिनिटं झोप झाली तर टक्का ८८, म्हणजे पुढच्या आठवड्यात सव्वाबारा. असं वाढवत जायचं. दिवसा ताजं वाटायला लागलं आणि आणखी वाढवल्यावर टक्का घसरला, की तिथे थांबा. तेवढी तुमची गरज.

पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येते, चिडचिड वाढते आणि "आपलं बिघडलंच" असं वाटतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा. या काळात मोठे निर्णय नकोत, घाटात किंवा रात्री गाडी चालवणं नको, दुचाकीवर लांब पल्ला नको. उदासी खोल जात असेल, मरणाचे विचार येत असतील किंवा उलट झोप कमी होऊनही अचानक जोम आला असेल, तर हा टप्पा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

डुलकी शक्यतो नको. फारच असह्य झालं तर दुपारी तीनच्या आत, २० मिनिटं, गजर लावून. टीव्हीसमोर साडेनऊला लागणारा डोळाही डुलकीच. रात्रीची झोप बहुतेकांची तिथेच खर्ची पडते.

टप्पा ६: अंथरुणाचा नियम, लहान घरात

अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. जेवण, अभ्यास, ऑफिसचे फोन, वाद तिथे नाहीत. झोप आल्यावरच आडवं व्हायचं. इथे थकवा आणि झोप यांत गल्लत होते. अंग दुखणं, कंटाळा, "आता पुरे" हा थकवा. डोळे जड होणं, जांभया, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणं ही झोप. ठरलेली वेळ झाली आणि तरी झोपेची खूण नसेल, तर थांबा.

वन रूम किचनमध्ये चार माणसं झोपतात तिथे "दुसऱ्या खोलीत जा" हा सल्ला निरुपयोगी आहे. तिथे असं करा: दिवसा गादी गुंडाळून ठेवा, पसरून त्यावर बसू नका. रात्री जाग आल्यावर बसायची जागा आधी ठरवा, ओट्याजवळची खुर्ची, दारातला पाट, जिन्याची पायरी. तिथे मंद दिवा आणि एक कंटाळवाणं पुस्तक किंवा विणकाम ठेवून द्या. तेही शक्य नसेल तर गादीवरच उठून भिंतीला टेकून बसा आणि झोप आली की पुन्हा आडवे व्हा. फक्त पलंगच असेल तर दिवसाची बाजू आणि रात्रीची बाजू वेगळी ठेवता येते.

टप्पा ७: रात्री जाग आली तर

१. अंदाजे १५-२० मिनिटं झाली असं वाटलं, किंवा चिडचिड सुरू झाली, की उठा. घड्याळ नाही.
२. ठरलेल्या जागी बसा. मोबाइल नाही, खाणं नाही, कामाची आवराआवर नाही.
३. विचार जोरात असेल तर चिठ्ठीवर एक शब्द. सोडवायला घेऊ नका, अर्थ तपासायचं टप्पा ४.३ चं तंत्रही आत्ता नको.
४. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाचेक मिनिटं. किंवा पायापासून वर एकेक स्नायू पाच सेकंद आवळून वीस सेकंद सैल सोडणं.
५. डोळे जड झाले की परत. न लागल्यास पुन्हा उठा. पहिल्या रात्रींत तीन-चार वेळा उठावं लागतं.
६. काहीही झालं तरी उठायची वेळ तीच.

श्वासाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तो झोप *आणण्यासाठी* केला की "आली का, आली का" अशी तपासणी सुरू होते आणि माणूस आणखी जागा होतो. शरीर सैल करणं, एवढाच हेतू ठेवा. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्याने घाबरायला होतं, त्यांनी स्नायूंची पद्धत घ्यावी.

टप्पा ८: चहा, दारू, गोळ्या

कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. शेवटचा चहा दुपारी दोन-तीनचा. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुकडे होतात, पहाटेची धडधड बऱ्याचदा तिचीच.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम अशा चिंतेच्या-झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या डब्यातून किंवा जुन्या चिठ्ठीवर घेऊ नका. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. झोप उलटून बिघडते, घाबरेपणा वाढतो, फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात आणि ते करताना हे टप्पे सोबत चालवता येतात. नैराश्याच्या काही गोळ्यांनी झोप उडते, काहींनी गुंगी येते. त्रास होत असेल तर गोळी सोडू नका, "ही सकाळी घेऊ की रात्री" एवढं डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा वेळ बदलून काम होतं.

टप्पा ९: मोजमाप, आणि कधी कुणाकडे

चौथ्या आणि आठव्या आठवड्याला दोन्ही प्रश्नावल्या पुन्हा भरा आणि वहीचा टक्का शेजारी लिहा. बऱ्याच जणांची झोप आधी सुधारते, मन त्यामागून काही आठवड्यांनी. टक्का ५९ वरून ८४ झाला पण पीएचक्यू-९ चे गुण १४ वर अडून आहेत, तर झोपेचे नियम चालू ठेवून नैराश्याचा वेगळा उपचार घ्या. ही हार नाही, दोन दुखण्यांपैकी एक आटोक्यात आलं आहे. टक्काच हलत नसेल तर आधी तीन ठिकाणी बघा: सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ, संध्याकाळची टीव्हीसमोरची डुलकी आणि अंथरुणातला मोबाइल. तिन्ही ठीक असतील तर टप्पा १ ची चाळणी पुन्हा, या वेळी डॉक्टरांसोबत.

डॉक्टरांकडे जाताना वहीची दोन आठवड्यांची पानं, दोन्ही प्रश्नावल्यांचे गुण, चालू गोळ्यांची पाकिटं न्या आणि रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या. घोरणं, लाथा मारणं, श्वास थांबणं हे त्यालाच माहीत असतं. "झोप येत नाही" एवढंच सांगितलं की गोळी लिहून मिळते. पानं पुढे ठेवली की संभाषण वेगळं होतं. समुपदेशकाकडे जाणार असाल तर फोनवरच विचारा: निद्रानाशासाठीचा वर्तनोपचार करता का, किती सत्रांत? साधारण चार ते आठ सत्रं लागतात.

झोप पुन्हा बिघडेल. घरातलं आजारपण, बदली, लग्नसराई, गणपतीतली जागरणं. दोन-तीन वाईट रात्रींवर काही करायचं नाही, फक्त उठण्याची वेळ धरून ठेवायची आणि लवकर आडवं व्हायचा मोह टाळायचा. आठवडा उलटूनही सावरलं नाही तर वही काढा आणि टप्पा २ पासून सुरू करा. दुसऱ्या खेपेला बहुधा कमी वेळ लागतो, कारण कोणता रकाना आधी बिघडतो हे एव्हाना माहीत झालेलं असतं.